वर्णन एकाचं, झडती सगळ्यांची

न्यूयॉर्क राज्याच्या डोंगराळ भागात ओनिओन्टा नावाचं लहानसं शहर आहे. ४ सप्टेंबर १९९२ रोजी पहाटे दोनच्या थोडं आधी, शहराबाहेरच्या एका घरात एक माणूस शिरला आणि त्याने तिथल्या ७७ वर्षांच्या बाईंवर हल्ला केला. त्याच्या हातात सुरी होती. बाईंना त्याचा चेहरा दिसला नाही, फक्त हात कोपरापर्यंत दिसला. तेवढ्यावरून तो कृष्णवर्णीय होता, असं त्यांनी पोलिसांना सांगितलं. ज्या वेगाने त्याने खोली ओलांडली त्यावरून तो तरुण असावा आणि झटापटीत त्याचीच सुरी त्याच्या हाताला लागली, असंही सांगितलं. पोलिसांच्या कुत्र्याने काढलेला माग शहरातल्या विद्यापीठाच्या आवाराच्या दिशेने गेला आणि काही अंतरावर तुटला.

एवढ्या माहितीवर पोलीस कामाला लागले. त्यांनी विद्यापीठाकडे सगळ्या कृष्णवर्णीय मुलग्यांची यादी मागितली आणि विद्यापीठाने ती दिली. यादीत ७८ नावं होती. त्या मुलांना गाठून चौकशी झाली, हात पुढे करायला लावून जखम आहे का ते पाहिलं गेलं. त्यातून काही निघालं नाही. मग पुढचे काही दिवस पोलीस रस्त्यावर उतरले आणि गोरे नसलेल्या माणसांना थांबवून त्यांचे हात तपासू लागले. दोनशेच्या वर माणसं अशी तपासली गेली. शहराची कायमची वस्ती दहा हजारांच्या आसपास आणि तिच्यात कृष्णवर्णीय तीनशेही नव्हते. विद्यापीठाच्या प्रवेश विभागात काम करणाऱ्या एका कृष्णवर्णीय बाईंनाही न्यूयॉर्कच्या बसमध्ये चढण्याआधी ओळखपत्र दाखवावं लागलं. हल्लेखोर पुरुष होता, हे पीडित बाईंनी पहिल्याच जबाबात सांगितलेलं असताना हे घडलं. एवढं करूनही शोधातून संशयित मिळाला नाही.

प्रकरण न्यायालयात गेलं. फेडरल अपील न्यायालयाने असा निर्णय दिला की पोलिसांनी स्वतःहून वंशाच्या आधारे कोणाची निवड केली नाही, पीडितेने दिलेल्या वर्णनामागे ते गेले, त्यामुळे समान संरक्षणाच्या हक्काचा भंग झाला नाही. रस्त्यावर अडवल्याबद्दलच्या काही जणांच्या तक्रारी तेवढ्या पुढे चालू शकल्या. न्यायाधीश ग्विडो कॅलाब्रेसी यांनी मात्र स्वतंत्र मतपत्र लिहून या निर्णयाचा फेरविचार न होण्याला विरोध केला. त्यांच्या मांडणीचा गाभा असा की पोलिसांनी वर्णनातलं बाकी सगळं बाजूला ठेवून फक्त वर्ण उचलला असेल, तर ते वर्णनामागे गेले असं म्हणता येणार नाही. मला कॅलाब्रेसी यांचं म्हणणं पूर्ण पटतं. या लेखात मला त्याच्याही पुढे जायचं आहे.

समजा, बाईंनी हात गोऱ्या माणसाचा होता असं सांगितलं असतं. त्या एका शब्दाचं पोलिसांनी काय केलं असतं? विद्यापीठाकडे गोऱ्या मुलांची यादी मागितली नसती आणि चौकात उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्याचे पंजे उलटे करून पाहिले नसते. वर्णन अपुरं आहे असं म्हणून ते दुसऱ्या धाग्यांकडे वळले असते. त्या सकाळी हाताला टाके घालून घ्यायला कोण गेलं, त्या घराची माहिती कोणाला होती, शेजारपाजाऱ्यांनी काय पाहिलं, हे विचारलं असतं. म्हणजे एकाच तोडीची माहिती गोऱ्याबाबत अपुरी ठरली असती आणि काळ्याबाबत पुरेशी ठरली. पोलिसांच्या बाजूने एक मुद्दा मांडता येतो आणि तो पोकळ नाही: दहा हजार माणसं तपासता येत नाहीत, तीनशे येतात. पण ही सोय कोणाच्या खर्चाने मिळते? त्या तीनशेंपैकी जास्तीत जास्त एक दोषी, बाकीचे सगळे निरपराध. आणि पुढच्या गुन्ह्यात, त्याच्याही पुढच्या गुन्ह्यात हा खर्च पुन्हा त्यांच्याच माथी येणार, कारण त्या गावात थोडे आहेत ते तेच. जिथे जो समाज संख्येने लहान, तिथे त्याचं नाव पोलिसांना हाताशी येणारं हत्यार वाटतं.

म्हणून माणसाचं वर्णन करताना वंश किंवा वर्ण सांगावा की नाही, या प्रश्नाचं 'सांगावा' किंवा 'सांगू नये' असं एका शब्दात उत्तर देणाऱ्यांशी माझं जमत नाही. त्या उल्लेखानंतर आपण एका माणसाच्या जवळ पोचतो की एका समाजाच्या दारात जाऊन उभे राहतो, हे पाहायला हवं. पीडित बाईंनी जे दिसलं ते सांगितलं आणि त्यांचा तो हक्कच होता. चूक त्यांच्या शब्दानंतर झाली.

'पॉलिटिकल करेक्टनेस'ची चेष्टा करणं सोपं असतं. वर्णाचा उल्लेख टाळण्याचा संकेत काही नाजूक मनाच्या प्राध्यापकांनी बसून तयार केला, असं सांगितलं जातं. त्या संकेतामागे मोठा इतिहास आहे. विसाव्या शतकात कित्येक दशकं अमेरिकी वर्तमानपत्रांत आरोपी कृष्णवर्णीय असला की त्याच्या नावापुढे स्वल्पविराम देऊन 'नीग्रो' असं छापत. गोऱ्या आरोपीच्या नावापुढे काहीच नसे. वर्षानुवर्षं असा पेपर वाचणाऱ्याच्या मनात काय साठत जाईल? गुन्हा गोऱ्याने केला तर तो त्या माणसाचा, काळ्याने केला तर त्याच्या जमातीचा. दक्षिणेतल्या अनेक पत्रांत कृष्णवर्णीय विवाहित स्त्रीच्या नावाआधी 'मिसेस'ही लावत नसत. वंशाची खूण लावायला जागा होती, आदराच्या एका शब्दाला नव्हती. शहरांतल्या दंगलींची चौकशी करणाऱ्या कर्नर आयोगाने १९६८च्या अहवालात वृत्तपत्रसृष्टीवर ठपका ठेवला तो याच दृष्टीबद्दल: ती देशाकडे गोऱ्यांच्या नजरेतून पाहते.

या अनुभवातून जे नियम घडले त्यांतला एक मला फार शहाणपणाचा वाटतो. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या शैलीपुस्तिकेत म्हटलं आहे की संशयिताचा किंवा हरवलेल्या व्यक्तीचा शोध चालू असताना, वर्णन विश्वासार्ह आणि तपशीलवार असेल तर, वंशाचा उल्लेख करावा. हे सगळ्या वंशांना सारखंच लागू. आणि ती व्यक्ती सापडली किंवा पकडली गेली की उल्लेख काढून टाकावा. यातला शेवटचा भाग थांबून वाचण्यासारखा आहे. वर्णन शोधण्यासाठी असतं. शोध संपला की त्याचं काम संपलं. त्यानंतरही 'कृष्णवर्णीय आरोपी' असं छापत राहण्याने वाचकाला कोणाचा शोध घ्यायला मदत होते? कोणाचाच नाही. उरतो फक्त शिक्का.

नुसत्या शिक्क्यावर माणसं किती सहज विश्वास ठेवतात, याचे दोन भयानक दाखले अमेरिकेच्या अलीकडच्या इतिहासात आहेत. ऑक्टोबर १९८९मध्ये बोस्टनच्या चार्ल्स स्टुअर्ट याने पोलिसांना फोन करून सांगितलं की एका कृष्णवर्णीय माणसाने गाडीत शिरून आपल्यावर आणि आपल्या गरोदर पत्नीवर गोळ्या झाडल्या. पत्नी वाचली नाही. पोलिसांनी मिशन हिल ही वस्ती पिंजून काढली, कृष्णवर्णीय पोरांना भर रस्त्यात अंगावरचे कपडे उतरवायला लावले. ओळखपरेडीत स्टुअर्टने एका निरपराध माणसाकडे बोटही दाखवलं. पुढे स्टुअर्टच्या भावानेच सत्य सांगितलं आणि जानेवारी १९९०मध्ये स्टुअर्टने पुलावरून उडी टाकली. खुनी तोच होता. नाहक संशयित ठरवलेल्या दोन माणसांची बोस्टनच्या महापौर मिशेल वू यांनी जाहीर माफी मागितली ती डिसेंबर २०२३मध्ये, चौतीस वर्षांनी. स्टुअर्ट प्रकरणानंतर पाच वर्षांनी, १९९४च्या ऑक्टोबरमध्ये, साउथ कॅरोलायनातल्या युनियन गावच्या सुझन स्मिथने दूरदर्शन कॅमेऱ्यांसमोर टाहो फोडला की एका कृष्णवर्णीय माणसाने आपली दोन लहान मुलं असलेली गाडी पळवली. नऊ दिवस देश शोधत होता. मुलं तिनेच गाडीसह तळ्यात बुडवली होती.

या दोघांनी वंश निवडला तो उगाच नाही. दोघांनाही अशी बनावट व्यक्ती हवी होती जिचे नाक-डोळे कोणी खोदून विचारणार नाही. तो एक शब्द उच्चारला की बाकीचं चित्र ऐकणारा स्वतःच पुरं करतो, हे त्यांना आतून माहीत होतं. सुझन स्मिथच्या वर्णनावरून रेखाचित्रही काढलं गेलं होतं, विणलेली टोपी घातलेला एक चेहरा. असा चेहरा देशात हजारोंनी सापडला असता.

खोटं बोलणारे सोडून देऊ. खरं बोलणारी माणसंही हा शब्द उच्चारल्यावर पुढचं पाहायचं थांबतात. दुसऱ्या वंशाचे चेहरे आपल्याला कमी अचूक ओळखता येतात, हे १९६९पासूनच्या मानसशास्त्रीय प्रयोगांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. नजर 'हा काळा' किंवा 'हा गोरा' एवढं टिपते आणि भुवई, जबडा, कपाळ ही खरी ओळखीची ठिकाणं निसटतात. अमेरिकेत डीएनए चाचणीमुळे निर्दोष सुटलेल्या कैद्यांच्या खटल्यांत, जवळपास दोनतृतीयांश ठिकाणी, चुकीची ओळख पटवणारा प्रत्यक्ष साक्षीदार होता. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९९मध्येच सांगितलं की एका वंशाच्या साक्षीदाराने दुसऱ्या वंशाच्या आरोपीला ओळखलं असेल आणि त्याला दुसरा पुरावा नसेल, तर या धोक्याची ज्युरीला जाणीव करून द्यावी.

आणि कधीकधी तो शब्दच चुकीचा असतो. ६ फेब्रुवारी २०१५ रोजी अलाबामातल्या मॅडिसन गावात एका रहिवाशाने पोलिसांना फोन केला: एक सडपातळ काळा माणूस आमच्या भागात फिरतोय, गॅरेजांच्या जवळ जातोय, याला मी पूर्वी कधी पाहिलेलं नाही. तो माणूस होता गुजरातमधून नातवाला सांभाळायला नुकतेच आलेले ५७ वर्षांचे आजोबा. मुलाच्या घराजवळ पायी फिरायला निघाले होते. इंग्रजी येत नव्हतं. 'इंडिया' आणि घराचा नंबर एवढंच ते सांगत राहिले. एका पोलिसाने त्यांना जमिनीवर आपटलं आणि त्यांना अर्धांगवायूसारखं अपंगत्व आलं. अलाबामाच्या गव्हर्नरने भारताकडे दिलगिरी व्यक्त केली. फेडरल खटल्यात दोनदा ज्युरीचं एकमत झालं नाही आणि शेवटी न्यायाधीशांनी त्या पोलिसाला दोषमुक्त केलं.

ही बातमी आली तेव्हा आपल्याकडे संताप उसळला आणि तो योग्यच होता. पण 'अहो, ते काळे नव्हते, भारतीय होते' हा त्या संतापातला सूर मला सलला. ते आजोबा कृष्णवर्णीय अमेरिकन असते तर त्यांना आपटणं चाललं असतं का? अमेरिकेत नव्याने गेलेल्या मराठी कुटुंबाला घर शोधताना 'तिकडे नको, तिकडे काळ्यांची वस्ती आहे' हा सल्ला अगदी मायेने दिला जातो. देणाऱ्याला आपण वाईट काही बोललो असं वाटतही नाही. त्या सल्ल्यामागची नजर आणि मॅडिसनच्या त्या फोनमागची नजर वेगळी नाही. ती कधी आपल्याकडे वळेल हे आपल्या हातात नसतं.

इथवर वाचून कोणी म्हणेल, मग उल्लेखच नको. याला मी ठामपणे विरोध करेन, कारण मौनाचेही बळी असतात.

२००८ साली इव्हन ॲपफेलबॉम, सॅम्युएल सॉमर्स आणि मायकेल नॉर्टन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. समोर चेहऱ्यांचे अनेक फोटो, त्यातला एक जोडीदाराने मनात धरलेला, आणि कमीतकमी प्रश्न विचारून तो ओळखायचा. फोटोंत काही कृष्णवर्णीय, काही गोरे. म्हणजे वर्ण विचारला की कितीतरी फोटो एकदम बाद होतात. तरीही अनेक गोऱ्या माणसांनी तो प्रश्न टाळला, विशेषतः जोडीदार कृष्णवर्णीय असेल आणि त्यानेही आधी तो टाळला असेल तेव्हा. मुलांवरच्या वेगळ्या प्रयोगात आणखी विलक्षण गोष्ट दिसली. आठ-नऊ वर्षांची मुलं बेधडक विचारून दहा-अकरा वर्षांच्या मुलांपेक्षा चांगली खेळली. त्या दोन वर्षांत मोठी मुलं काय शिकली होती? दुसऱ्याचा आदर करायला शिकली असती तर मला आनंद झाला असता. ती शिकली होती फक्त गप्प राहायला. आणि मोठ्यांचा खेळ पाहणाऱ्या कृष्णवर्णीय माणसांना त्या टाळण्यात सभ्यता दिसली नाही, त्यांना पूर्वग्रहाचीच शंका आली. वीस गोऱ्या माणसांच्या खोलीत एकच कृष्णवर्णीय माणूस असताना 'तो चष्मेवाला, निळ्या शर्टातला, जरा उंचसा' असं चाचरत सांगणाऱ्याला तो रंग सांगण्यासारखा वाटत नाही, याचा अर्थ त्याच्या मनात तो रंग व्यंगासारखा बसलेला आहे. डोळ्यांनी दिसणारी साधी गोष्ट सांगायला लाजावं, असं त्या रंगात काय आहे?

मौन राजकारणात शिरलं की त्याची किंमत आणखी वाढते. २०१५च्या अखेरच्या रात्री जर्मनीतल्या कोलोन शहराच्या रेल्वे स्टेशनापाशी जमावाने शेकडो स्त्रियांचे विनयभंग केले, चोऱ्या केल्या. तक्रारी हजाराच्या वर गेल्या. त्यांतल्या बहुतेक स्त्रियांनी हल्लेखोर उत्तर आफ्रिकी किंवा अरबी दिसणारे होते असं सांगितलं. १ जानेवारीच्या सकाळी पोलिसांनी मात्र उत्सव बव्हंशी शांततेत पार पडल्याचं पत्रक काढलं होतं. झेडडीएफ या सार्वजनिक वाहिनीने ४ जानेवारीच्या संध्याकाळच्या मुख्य बातम्यांत हा विषय घेतला नाही आणि नंतर ती चूक होती असं कबूल केलं. पोलीसप्रमुखांना जावं लागलं. स्थलांतरितांना अपमानापासून वाचवावं हा हेतू काहींच्या मनात असेलही, परिणाम उलटा झाला. आपल्यापासून काहीतरी लपवलं जातंय अशी शंका ज्यांना आधीपासून होती त्यांच्या हातात पुरावाच पडला, आणि ज्या स्त्रियांवर हल्ला झाला त्यांना आपलं सांगणं गैरसोयीचं ठरलं आहे असं वाटलं. एका वर्षाने त्याच शहरात त्याच रात्री पोलिसांनी उत्तर आफ्रिकी दिसणारे शेकडो पुरुष वेगळे काढून तपासले आणि आपल्या ट्वीटमध्ये त्यांच्यासाठी पोलिसी बोलीतलं हिणकस संक्षिप्त नाव वापरलं. त्याबद्दल नव्या प्रमुखांना खेद व्यक्त करावा लागला. आधी मौन, मग शिक्का. ओनिओन्टाची चूक आणि तिच्या उलटी चूक, दोन्ही एकाच शहराने दोन वर्षांत करून दाखवल्या. ड्रेस्डेनच्या 'झेक्सिशे त्सायटुंग' या दैनिकाने २०१६मध्ये वेगळा मार्ग घेतला: संशयित जर्मन असो की परदेशी, राष्ट्रीयत्व दरवेळी छापायचं. त्याने शिक्क्यातला पक्षपात तरी जातो. तरीही मला असोसिएटेड प्रेसचा नियम अधिक बरा वाटतो, कारण त्यात उल्लेखाला काम दिलेलं आहे आणि शेवटही दिलेला आहे.

उल्लेख कोणी केला, कशासाठी केला, हे तर पाहायलाच हवं. २००९च्या जुलैत हार्वर्डचे प्राध्यापक हेन्री लुई गेट्स यांना त्यांच्याच घराच्या ओट्यावर अटक झाली तेव्हा सगळ्यांनी पोलिसांना फोन करणाऱ्या बाईला दोष दिला, कारण पोलीस अहवालानुसार तिने दोन काळे पुरुष दिसल्याचं सांगितलं होतं. नंतर फोनचं ध्वनिमुद्रण बाहेर आलं. तिने वंशाचा उल्लेखच केला नव्हता. विचारल्यावर एवढंच म्हणाली होती की एक जण हिस्पॅनिक असावा, पण खात्री नाही. फ्लोरिडात २०१२मध्ये ट्रेव्हॉन मार्टिन या १७ वर्षांच्या मुलाला गोळी घालणाऱ्या जॉर्ज झिमरमनच्या फोनचं एनबीसीने जे संपादन केलं त्यात पोलिसांचा मधला प्रश्न गळला. त्यामुळे मुलाच्या संशयास्पद वागण्याबरोबरच त्याने आपणहून 'काळा' हे कारण जोडल्यासारखं वाटलं. प्रत्यक्षात, तो काळा की गोरा की हिस्पॅनिक, हे त्याला विचारलं गेलं होतं. वाहिनीने माफी मागितली. त्या मुलाच्या मृत्यूची वेदना या दुरुस्तीने तसूभरही कमी होत नाही. पण सत्याच्या बाजूने उभं राहणाऱ्यांनी असं कापलेलं वाक्य वापरलं की त्यांचीच बाजू दुबळी होते. आणि याच्या विरुद्ध टोकाला मे २०२०मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधली ती गोरी बाई. कुत्र्याला पट्टा लाव असं एका पक्षिनिरीक्षकाने सांगितलं म्हणून 'एक आफ्रिकन अमेरिकन माणूस मला धमकावतोय' असं पोलिसांना सांगेन, असं तिने त्यालाच बजावलं आणि तसा फोन केला. तो तिच्यासमोर उभा होता, पळून जात नव्हता, त्याचं वर्णन कोणाला नको होतं. तिने वंशाचा उल्लेख केला तो धाक म्हणून, आणि ऐकणाऱ्याने तो धाक म्हणूनच ऐकला.

एका माणसाच्या वर्णनातून वंश वगळावा अशा जागा पुष्कळ आहेत. समूहाच्या मोजणीतून मात्र तो वगळता कामा नये. नव्वदच्या दशकात न्यू जर्सीच्या टर्नपाइक महामार्गावर पोलीस गाड्या अडवताना रंग पाहतात, ही तक्रार होती आणि पोलीस ती नाकारत होते. मग जॉन लॅम्बर्थ या संख्याशास्त्र जाणणाऱ्या मानसशास्त्रज्ञाने रस्त्यावर माणसं बसवून चालकांचा वर्ण मोजला. वाहनांत कृष्णवर्णीय सुमारे १३ टक्के, अडवलेल्यांत ३५ टक्के. १९९६मध्ये तिथल्या न्यायाधीशांनी हा पुरावा ग्राह्य धरला. वर्ण नोंदवणंच असभ्य आहे असं ठरलं असतं तर तो पक्षपात कायम अदृश्य राहिला असता.

महाराष्ट्रात आपण नेमकं उलटं करतो, हे मला टोचतं. पोलीस ठाण्याच्या फलकावरची बेपत्ता माणसाची नोटीस वाचा. उंची पाच फूट चार इंच, रंग सावळा, बांधा मध्यम, चेहरा गोल, नाक सरळ, अंगात चौकड्यांचा शर्ट, उजव्या हातावर गोंदलेलं नाव. इतकं नेमकं वर्णन आपल्या पोलिसांना करता येतं आणि त्यात जात लागत नाही. रंग असतो, पण तो त्या माणसाच्या कातडीचा. तेच ठाणं दरोड्याची बातमी देतं तेव्हा मात्र 'पारधी टोळी' हे दोन शब्द पुरतात आणि वर्तमानपत्र ते मथळ्यात घेतं. ब्रिटिशांनी १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा करून पारध्यांसारख्या जमातींच्या जन्मालाच गुन्हा ठरवलं, सोलापुरात तारेच्या कुंपणाआड वसाहत उभी केली. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा गेला. जमातीचं नाव आरोपीच्या नावाआधी लावण्याची सवय गेली नाही. लक्ष्मण गायकवाडांच्या 'उचल्या' या आत्मकथनाला १९८८मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार देऊन आपण ती वेदना मान्य केली, आणि दुसऱ्या दिवशी तोच मथळा छापला. मराठा टोळी, ब्राह्मण टोळी असा मथळा कोणी वाचला आहे? तिथे आरोपीला गाव असतं, वय असतं, आडनाव असतं.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याला आठवडी बाजारात जमावाने पाच जणांना मुलं पळवणारे समजून ठार मारलं. ते मंगळवेढ्याकडून आलेले, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागून जगणारे होते. मोबाइलवर फिरणाऱ्या अफवेत कोणाचा चेहरा नव्हता, उंची नव्हती, खूण नव्हती. फिरस्ते दिसले एवढंच जमावाला पुरलं.

त्या फिरस्त्यांची, पारध्यांची, विमुक्तांची संख्या किती, त्यांतल्या किती मुलांनी शाळा पाहिली, किती जणांकडे रेशनकार्ड आहे, हे विचारायला जावं तर आकडा हाती येत नाही. या समाजांसाठी नेमलेल्या दोन राष्ट्रीय आयोगांचे अध्यक्ष मराठी होते, आधी बाळकृष्ण रेणके, नंतर भिकू रामजी इदाते. दोघांनाही स्वतंत्र जनगणना नाही ही अडचण आली. केंद्र सरकारने ३० एप्रिल २०२५ रोजी येत्या जनगणनेत जात नोंदवण्याचा निर्णय जाहीर केला आहे. त्यात विमुक्त आणि भटक्या जमातींची नावं त्यांच्या स्वतःच्या रकान्यात, पोटभेदांसह, पुरती नोंदवली जावीत असा आग्रह मराठी वर्तमानपत्रांनी आताच धरावा. आणि तोच आग्रह धरणाऱ्या संपादकाने त्याच रात्री आपल्या गुन्हे वार्ताहराची बातमी वाचताना, आरोपी पकडला गेला असेल, तर जमातीच्या नावावर काट मारावी.